गोधडी ग्रह: एकाच जीवाने व्यापलेलं जग स्पेस स्ट्रॅटेजी गेमसाठी कसं रचायचं

जांभळ्या बुरशीने झाकलेला ग्रह रंगवायला चित्रकाराला एक दुपार पुरते. खेळताना मात्र दहाव्या टर्नलाच (टर्न म्हणजे खेळाची एक फेरी) उघडं पडतं की ही बुरशी म्हणजे रंग बदललेलं वाळवंट आहे. अन्न तेवढंच, खनिजं तेवढीच, वर शोभेला 'संशोधन अधिक ५ टक्के'. खेळाडू एकदा 'अरे वा' म्हणतो आणि पुढच्या ग्रहाकडे वळतो.

हे टाळायचं तर चित्राआधी त्या जीवाची जमाखर्चाची वही लिहायला हवी. तो काय खातो, त्याचा कचरा कोण खातो, त्याला प्रतिस्पर्धी का उरला नाही आणि तो ग्रहाचं हवामान कसं बदलतो, या चार नोंदी पक्क्या झाल्या की गेमचे नियम बहुतेक आपोआप निघतात. खाली एकच ग्रह सुरुवातीपासून शेवटपर्यंत रचला आहे. जीवाचं नाव गोधडी: जमिनीवर पसरलेला काळा, जाड, एकसंध थर. आकडे तसेच्या तसे घ्या किंवा बदला, पण बदललेत तर पुढची सगळी गणितं पुन्हा करा. ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

आधी ठरवा: 'एकच' म्हणजे काय

'एक जीव' या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात, आणि प्रत्येकीचा खेळ वेगळा होतो.

पहिली, खरोखर एकच देह. अमेरिकेतल्या युटामधलं 'पँडो' हे ॲस्पेनचं रान सुमारे ४३ हेक्टरवर पसरलं आहे. सुमारे ४७ हजार खोडं, मुळं मात्र एकाच झाडाची. ऑरेगनमधल्या आर्मिलारिया बुरशीचा एक देह साडेनऊशे हेक्टरांहून मोठा आहे. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमधलं पोसिडोनिया हे समुद्री गवत १८० किलोमीटर लांबीत एकच रोप असल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. अशा जीवाशी लढायचं म्हणजे त्याची जोडणी तोडायची.

दुसरी, एकच जात पण अगणित सुटे जीव, समुद्रातल्या प्रोक्लोरोकोकस या सूक्ष्म जिवाणूंसारखे. इथे तोडायला काही नसतं, फक्त संख्या कमी-जास्त होते.

तिसरी, एक जात पाया घालते आणि बाकीचे तिच्या आधाराने जगतात, प्रवाळासारखं. रचायला ही सर्वांत सोपी, पण 'एकाच जीवाचं जग' हा अनुभव तिथे विरळ होतो.

गोधडी पहिल्या प्रकारातली आहे. नकाशा छोट्या चौकटींत, म्हणजे टाइलमध्ये, वाटलेला असतो; शेजारच्या दोन टाइलमधल्या तिच्या धाग्यांना आपण 'टाके' म्हणू. टाका उसवता येतो. हा एक शब्द पुढे तीन ठिकाणी कामाला येणार आहे.

वहीच्या पहिल्या तीन नोंदी

खाणं. ग्रह व्यापणारा जीव उत्पादकच, म्हणजे स्वतःचं अन्न स्वतः बनवणारा हवा. अन्नसाखळीत एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर ढोबळमानाने १० टक्के ऊर्जाच पोचते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजदादीनुसार पृथ्वीवरच्या सजीवांत सुमारे ५५० गिगाटन कार्बन आहे. त्यातला ४५० वनस्पतींत आणि फक्त २ सगळ्या प्राण्यांत मिळून. म्हणून 'ग्रहभर पसरलेला शिकारी' लिहिलात तर पहिला प्रश्न येणार, तो कोणाला खातो? गोधडी सूर्यप्रकाश खाते.

कचरा. बहुतेक रचना इथे गळतात. नुसता उत्पादक असेल आणि कुजवणारं कोणी नसेल तर कार्बन मेलेल्या थरांत अडकत जातो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड संपत येतो. सुमारे ४.९ कोटी वर्षांपूर्वी आर्क्टिक समुद्रावर ॲझोला या तरंगत्या नेच्याचा थर वारंवार पसरला आणि तळाशी गाडला गेला. त्यानंतरच्या थंडाव्यात त्याचा वाटा असावा असं मानलं जातं. (हेच ॲझोला आपल्याकडे गुरांच्या खाद्यासाठी खड्ड्यात वाढवतात.) गोधडीला म्हणून दोन थर द्या: वरचा पदर प्रकाश खातो, खालचं अस्तर मेलेला पदर कुजवतं आणि नत्रही बांधतं. एकाच जीवाने सगळी कामं करणं ही कविकल्पना नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या एम्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल पाण्यात डिसल्फोरुडिस नावाचा जिवाणू जवळजवळ एकटा सापडला. २००८ च्या अहवालानुसार नमुन्यातला ९९.९ टक्क्यांहून जास्त डीएनए त्याचाच होता. कार्बन आणि नत्र दोन्ही बांधण्याची सोय त्याच्या जनुकांत आहे.

प्रतिस्पर्धी. 'बाकी कोणी उत्क्रांत झालंच नाही' हे कारण लंगडं. विषाचं कारण टिकतं. पृथ्वीवर सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरिया या प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंनी सोडलेल्या ऑक्सिजनने हवेचं रसायनच पालटलं, आणि त्याशिवाय जगणाऱ्यांना गाळाखाली, चिखलात जागा शोधावी लागली. गोधडीच्या अस्तरातून असंच एखादं रसायन झिरपतं असं माना आणि त्याची किंमत खेळाडूकडूनही घ्या: साफ केलेल्या टाइलवर पहिले ५ टर्न पीक येत नाही.

चौथी नोंद: हवामान

सगळा खेळ इथे आहे, म्हणून स्प्रेडशीट उघडूनच पुढे वाचा.

अल्बेडो म्हणजे आलेल्या प्रकाशाचा किती हिस्सा परत फेकला जातो तो आकडा. पृथ्वीइतका प्रकाश मिळणाऱ्या ग्रहाचं मूळ तापमान काढायचं तर १ मधून अल्बेडो वजा करा, उत्तराचा ०.२५ घात घ्या आणि २७८.५ ने गुणा. उत्तर केल्विनमध्ये येतं. सूत्र बरोबर भरलंय का हे पाहायला अल्बेडो ०.३ घाला. २५५ केल्विन, म्हणजे उणे १८ अंश सेल्सियस यायला हवं. पृथ्वीचं खरं सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास आहे. मधले ३३ अंश ही हवेच्या पांघरुणाची ऊब.

आता गोधडीचा अल्बेडो ०.१० धरा (घनदाट जंगल याच्या जवळपास असतं) आणि तिच्याखालच्या फिकट वाळूचा ०.३५. ग्रहाचा किती भाग झाकलेला आहे त्या प्रमाणात दोन्हींची सरासरी घ्या. हवेची ऊब २२ अंश ठेवा. पूर्ण झाकलेला ग्रह २० अंशांवर येतो, निम्मा झाकलेला १० वर, उघडा उणे १ वर. म्हणजे गोधडीचा दर १० टक्के भाग गेला की ग्रह साधारण २ अंशांनी गार होतो. हा नियम आपण लादलेला नाही. काळा जीव आणि फिकट वाळू एकत्र आले की तो येतोच.

दुसरी पायरी, वाढ. दर टर्नला वाढ = ०.०८ × झाकलेला हिस्सा × उघडा हिस्सा × तापमानाचा गुणक. हा गुणक वॉटसन आणि लव्हलॉक या शास्त्रज्ञांच्या १९८३ च्या 'डेझीवर्ल्ड' प्रारूपातून उचलावा. काळ्या-पांढऱ्या फुलांनी ग्रहाचं तापमान सांभाळणारं ते छोटं गणित आपल्या कामाला अगदी बेतलेलं आहे. २२.५ मधून तापमान वजा करा, वर्ग करा, ०.००३२६५ ने गुणा, आणि ते १ मधून वजा करा. २२.५ अंशांना गुणक १ येतो, ५ आणि ४० अंशांना जवळपास शून्य. उणे आला तर शून्य धरा.

शीटमध्ये हे दिसेल:

९० टक्के झाकलेला: १८ अंश, दर टर्नला ०.७ टक्के वाढ
७० टक्के: १४ अंश, १.३ टक्के
५० टक्के: १० अंश, १.० टक्का
३० टक्के: ६ अंश, ०.१५ टक्के
साधारण २६ टक्क्यांच्या खाली: ५ अंशांहून कमी, वाढ शून्य

तापमानाचा गुणक नसता तर सर्वांत जास्त वाढ ५० टक्क्यांना मिळाली असती, जुन्या मत्स्यशास्त्राच्या नियमाप्रमाणे. आता ती ६५ ते ७० च्या मध्ये सरकली आहे. आणि २६ टक्क्यांखाली एक विहीर तयार झाली आहे: तिथे पडलेली गोधडी मरत नाही, थिजते. तिला वर काढायचं तर खेळाडूने कक्षेत आरसे लावून ग्रह तापवावा. ही महाग इमारत आता यादीतली शोभेची वस्तू राहत नाही.

एक सावधगिरी. 'शून्याखाली गेलं की बर्फ, बर्फाचा अल्बेडो ०.६' ही ओळ घालायचा मोह होतो. घातलीत की उतरण सुरू झाल्यावर ग्रह पार गोठतो आणि आरसेही पुरत नाहीत. ती फक्त कठीण पातळीवर ठेवा.

कापणी, शेती, घरं: तीन ओढी

गोधडी कापून खेळाडूला जैवमाल मिळतो. पिकांना १५ अंश हवेत, त्याखाली दर अंशाला उत्पन्न १० टक्क्यांनी कमी. शहरांना मोकळ्या टाइल हव्यात. ७० टक्के झाकलेल्या १२० टाइलच्या ग्रहावर ३६ टाइल मोकळ्या असतात, शेतीला १० टक्के फटका बसतो आणि कापणी सर्वोत्तम मिळते. ५० टक्क्यांवर ६० टाइल मोकळ्या, पण शेती निम्मी. खेळाडूला कुठे थांबायचं हे सांगू नका. तिन्ही आकडे शेजारी शेजारी दिसू द्या.

कापणीचे भाव ठरवताना दोन टोकं तपासा. दर टर्नला ३ टक्के ओरबाडणारा खेळाडू साधारण ३५ टर्नमध्ये २६ च्या विहिरीत पोचतो आणि ४४ टर्नमध्ये ग्रह साफ करतो. एकूण माल ग्रहाच्या १३२ टक्के. दुसरा आधी ७० पर्यंत झटपट कापतो, मग दर टर्नला १.३ वर थांबतो. तो तेवढाच माल ८० टर्नच्या थोडं पुढे गाठतो, आणि नंतरही त्याची मिळकत चालूच राहते. २०० टर्नच्या गेममध्ये दोन्ही डाव शहाणपणाचे ठरू शकतात, हे चांगलं लक्षण आहे. शेवटच्या ४०-५० टर्नमध्ये मात्र सगळेच ओरबाडतील. ते नको असेल तर अंतिम गुणांत जिवंत ग्रहाला वजन द्या. कापणीवर मर्यादा घालणं हा आळशी उपाय, खेळाडूला तो लगेच कळतो.

सगळ्यात फसवा आकडा मधला आहे: दर टर्नला ठाम १.५ टक्के. सर्वोत्तम वाढीपेक्षा हा जेमतेम ०.२ ने जास्त. ८० वरून ६० टक्क्यांवर यायला ९० च्या आसपास टर्न लागतात. खेळाडूला वाटतं, बसलं गणित. त्यानंतर ४० वरून २० वर यायला फक्त १६. न्यूफाउंडलंडच्या कॉड मासेमारीवर कॅनडाला १९९२ मध्ये बंदी घालावी लागली, त्याच्या आधीही पकडीचे आकडे बरीच वर्षं ठीकच दिसत होते. गेममध्ये असं घडलं की खेळाडू स्वतःला दोष देत नाही, गेमला देतो. म्हणून ग्रहाच्या पटलावर 'कापणी' आणि 'वाढ' हे दोन आकडे एकमेकांखाली ठेवा आणि कापणी वरचढ झाली की आकडा लाल करा. इशाऱ्याचा वेगळा संदेश नको, तो तिसऱ्यांदा वाचलाच जात नाही.

टाइलवर उतरवताना काय बिघडतं

प्रत्येक षटकोनी टाइलला गोधडीची पातळी ० ते ४. १२० टाइल म्हणजे ४८० गुण. वरचं गणित संपूर्ण ग्रहाचं, आलेली वाढ गुणांत बदलायची आणि टाइलवर वाटायची.

पहिला घोळ पूर्णांकांचा. ३० टक्क्यांवरची ०.१५ टक्के वाढ म्हणजे ०.७२ गुण. दर टर्नला अपूर्णांक छाटलात तर ती वाढ कायमची शून्य, आणि विहीर २६ ऐवजी ३० च्याही वर सरकते. उरलेला अपूर्णांक ग्रहाच्या नावावर साठवा आणि पुढच्या टर्नला मिळवा.

दुसरा घोळ क्रमाचा. टाइल एकेक घेऊन जागच्या जागी बदलत गेलात तर नुकतीच वाढलेली टाइल त्याच टर्नला पुढच्या टाइलला वाढवते, आणि गोधडी नकाशाच्या उजव्या-खालच्या कोपऱ्याकडे पळत सुटते. जुनी अवस्था एका यादीत, नवी दुसऱ्या यादीत, आणि टर्न संपल्यावर अदलाबदल.

वाढ कुठे टाकायची? ३ किंवा ४ पातळीच्या, टाके शाबूत असलेल्या टाइलच्या शेजारी. पण फक्त कडेने वाढ ठेवली तर शहरांनी वेढलेला तुकडा कधीच भरून येत नाही. जलपर्णी आठवा: तुकडा तुटून वाहत जातो आणि दोन किलोमीटर खाली पुलाच्या खांबाला अडकून नवा संसार थाटतो. म्हणून दर २० वाढ-गुणांतला एक नकाशावर कुठेही पडू द्या. दहातला एक केलात तर सीमा पुसट होतात आणि टाके उसवण्याला अर्थ राहत नाही.

दोनशे ग्रहांच्या आकाशगंगेत ही टाइल-कसरत सगळीकडे नको. वसती नसलेल्या ग्रहाला एकच आकडा पुरतो. टाइल वसाहत झाल्यावर तयार करा.

रोग, मोहोर, रंग

एकच देह म्हणजे एकच दुबळी बाजू. ग्रो मिशेल केळी एकमेकांच्या हुबेहूब नकला होत्या. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत पनामा रोगाने त्यांचा जागतिक व्यापार मोडला. जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली, जळगावच्या बागांतलं ग्रँड नैन त्यातलंच, आणि तेही नकलांनीच वाढतं. गोधडीला तीन वाण द्या, नकाशाच्या तीन भागांत. शत्रूने सोडलेला रोग एकाच वाणात, टाक्यांवरून, टर्नला एक टाइल सरकतो. वणव्यासाठी जंगलात जाळरेषा काढतात तशी टाके उसवून पट्टी काढणं हा बचाव. पण उसवलेल्या कडेने वाढही थांबते, त्यामुळे पट्टी किती दिवस ठेवायची हा प्रश्न खेळाडूचा.

मोहोर. सह्याद्रीतली कारवी सात वर्षांनी एकदम फुलते आणि मरते. मिझोरममधला मौताक बांबू सुमारे ४८ वर्षांनी फुलतो. बियांवर उंदीर माजतात आणि मग कोठारांत शिरतात. १९५९ च्या फुलोऱ्यानंतर तिथे दुष्काळ पडला, आणि त्या वेळी उभी राहिलेली मदत-संघटना पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाली. फूल, उंदीर, भूक, बंड: स्ट्रॅटेजी गेमला याहून चांगली साखळी मिळणं अवघड. गोधडीला दर २४ टर्नला मोहोर द्या. त्या टर्नला वाढ दुप्पट, पुढच्या दोन टर्नला साठ्यातलं २० टक्के अन्न किडीला, आणि तरीही शहर उपाशी राहिलं तर असंतोष. तीन टर्न आधी रंग बदलून सूचना द्या. अचानक आलेल्या मोहोराला खेळाडू 'रँडम' म्हणतात आणि पुढच्या वेळी तयारीच करत नाहीत.

रंगाचंही तसंच, त्याने काहीतरी सांगितलं पाहिजे. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत त्यामागे खारप्रेमी सूक्ष्मजीव निघाले. गोधडी: निरोगी काळी, थिजलेली तपकिरी, मोहोराआधी गुलाबी. रंगांधळ्यांसाठी शिवणीचा नमुनाही बदला.

दुरून शोध लावण्याला दोन टप्पे पुरेत. डिसेंबर १९९० मध्ये पृथ्वीजवळून जाताना गॅलिलिओ यानाने तेच पाहिलं होतं: हवेत ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र, आणि जमिनीवरून परतणाऱ्या प्रकाशात दृश्य लाल संपताच येणारी वनस्पतींची तीव्र उडी. पहिल्या स्कॅनला 'इथे जीव आहे', दुसऱ्याला 'किती टक्के झाकलेला'. २६ चा आकडा मात्र फुकट देऊ नका, तो संशोधनातून विकत घ्यायला लावा.

तपासणी

यंत्राकडून २०० टर्नचे ५० डाव चालवा, तीन बॉटसह, म्हणजे ठरलेल्या नियमाने आपोआप खेळणाऱ्या खेळाडूंसह. काहीच न करणारा: ९२ टक्क्यांवर सुरू केलेली गोधडी शंभराकडे सरकून २० अंशांवर थांबली पाहिजे. ३ टक्के ओरबाडणारा: सुरुवात शंभरावर ठेवा, ३५ व्या टर्नच्या आसपास २६ ओलांडला पाहिजे. ७० वर थांबणारा: त्याला ठरलेला १.३ देऊ नका, दर टर्नला ७० च्या वर असेल तेवढंच कापू द्या. मग तो मोहोराचे धक्के धरूनही ६५ ते ७५ मध्ये राहिला पाहिजे. पहिला बॉट बिघडला तर चूक बहुधा टाइलच्या क्रमात, दुसरा लवकर कोसळला तर छाटलेल्या अपूर्णांकांत, तिसरा घसरत गेला तर मोहोराचं नुकसान चुकून अन्नाऐवजी गोधडीतून वजा होत असतं.

मग माणसं बसवा, पाच पुरेत. ६० व्या टर्नला खेळ थांबवून एकच प्रश्न विचारा: ग्रह गार का झाला? तिघांना उत्तर देता आलं नाही तर सूत्रांना हात लावू नका, पटलावर तापमानाच्या शेजारी झाकलेला टक्का आणून ठेवा आणि पुन्हा खेळवा.